घनफूट, घनमीटर आणि आपली मजुरी



आपल्या धाराशिव जिल्ह्यात घराची खोली फुटांत सांगतात, सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये लिहितात, वाळू-खडी ब्रासने विकतात आणि सरकारी मातीकाम घनमीटरने मोजतात. देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, पण गवंड्याच्या तोंडी अजून फूट-इंचच आहेत. या दोन मापांच्या घोळात कष्टकऱ्याचे नुकसान होते. म्हणून हा हिशेब घरातल्या प्रत्येकाने शिकावा, असे आम्हाला वाटते.

आधी लांबी पाहू. 1 इंच म्हणजे 2.54 सेंटीमीटर आणि 1 फूट म्हणजे 30.48 सेंटीमीटर. 1 मीटर म्हणजे 3 फूट, असे पुष्कळजण धरून चालतात. खरे माप 3.28 फूट, म्हणजे 3 फूट सव्वातीन इंचांहून किंचित जास्त आहे.

लांबीत हा फरक किरकोळ वाटतो. खड्डा मोजताना मात्र लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार होतो आणि फरक वाढतो. 3 फूट लांब, 3 फूट रुंद, 3 फूट खोल खड्डा 27 घनफुटांचा होतो. खरा घनमीटर 35.3 घनफुटांचा असतो. 27 घनफूट समजून घनमीटरचा दर कबूल केला, तर दर घनमीटरला 8 घनफुटांहून जास्त माती फुकट उपसावी लागते.

1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच 2.83 घनमीटर. वाळूची ट्रॉली आली की आतून माप घ्यावे. 10 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 2 फूट उंच भरली असेल तर 1 ब्रास पुरा झाला. अडीच घनमीटर टाकून कोणी ब्रास म्हणाला, तर सुमारे 12 घनफूट माल कमी आला असे समजावे.

पाण्यालाही हेच गणित लागते. 1 घनफुटात 28.3 लिटर पाणी मावते. 4 फूट लांब, 3 फूट रुंद आणि 3 फूट खोल हौदात सुमारे 1,019 लिटर पाणी राहते.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद आणि लातूर जिल्ह्यांत जी गावे नव्या जागी वसवली, तिथे जमीन हेक्टरात पाहून घर चौरस फुटांत दिले गेले. भूमिहीनांना व 1 हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फूट, 7 हेक्टरपर्यंत 400 आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना 750. 250 चौरस फूट म्हणजे जेमतेम 23 चौरस मीटर. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले. आपल्या किती घरांना हे माप लागू झाले असेल, ते वेगळे सांगायला नको.

म्हणून घरात एक मोजपट्टीची टेप असू द्यावी. तिच्या एका कडेला फूट-इंच, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर असतात. खोदकामात मोजणीसाठी मूळ जमिनीच्या उंचीचा जो मातीचा उंचवटा ठेवतात, तो माप होईपर्यंत पाडू नये. मोजणी होताना स्वतः हजर राहावे, आकडे वहीत उतरवून घ्यावेत आणि संध्याकाळी शाळेत जाणाऱ्या लेकरांकडून गुणाकार करून घ्यावा. दर ठरवण्याआधी एवढेच विचारावे : माप फुटाचे की मीटरचे?