कर्मणि प्रयोग आणि इंग्रजी ‘पॅसिव्ह’

इंग्रजी ‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे आपला कर्मणि प्रयोगच, ही विद्यार्थ्यांची समजूत आमच्या मतें सोडली पाहिजे. ‘रामानें रावण मारिला’ हें वाक्य मराठी व्याकरणाप्रमाणें कर्मणि खरें. परंतु त्याचें सरळ इंग्रजी ‘राम किल्ड रावण’ असेंच होतें. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळीं मराठींत कर्ता बहुधा तृतीयेंत जातो व क्रियापद कर्माप्रमाणें चालतें. त्यांत बोलणाराचा निराळा हेतु नसतो. आमचीं मुलें मात्र तेथें ‘रावण वॉज किल्ड बाय राम’ लिहून निश्चिंत होतात!

‘बी’ क्रियापदाचें योग्य रूप व त्यापुढें मूळ क्रियापदाचें भूतकालवाचक धातुसाधित, एवढी घडण मुलें आठवड्यांत शिकतात. पण ती वापरावी केव्हां? कर्ता ठाऊक नसेल, किंवा कर्त्याहून कर्माकडेच लक्ष वेधावयाचें असेल, तेव्हां. (कर्ता लपवावयाचा असेल तेव्हांही, ‘द विंडो वॉज ब्रोकन’ हें वाक्य मुलांस न शिकवितांच येतें.) म्हणून पालकांनीं घरीं वाक्यें नुसतीं उलटून घेऊं नयेत, उलटलेल्या वाक्यांतील ‘बाय’ व त्यापुढील कर्ता गाळल्यास काय बिघडतें, तेंही पाल्यास विचारावें.