अल्पदृष्टी माणसाचा हक्क आणि संकेतस्थळे



शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, बँकेचे खाते ही कामे आज संकेतस्थळावरून होतात. कचेरीच्या दारात आडवा पडलेला धोंडा सर्वांना दिसतो. पांढऱ्या पडद्यावरील फिकट करडी अक्षरे हाही तसाच धोंडा आहे, हे मात्र धडधाकट डोळ्यांना उमगत नाही.

अल्पदृष्टी म्हणजे अंधत्व नव्हे. उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० एवढीच राहिली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ती अल्पदृष्टी होय. अशा माणसास वाचता येते, आणि त्यास स्वतःच वाचावयाचे असते. सबब मजकूर वाचून दाखविणारी यंत्रणा बसविली की कर्तव्य संपले, ही समजूत चुकीची आहे. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ास १ असावे, अक्षरे दुप्पट मोठी केली तरी मजकूर तुटू नये, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. आपल्या लिपीत तर बारीक अक्षरांतून अनुस्वार व रफार प्रथम नाहीसे होतात. कागदाचे छायाचित्र काढून चढविलेले परिपत्रक मोठे करावे, तो अधिकच पुसट होते! चूक केवळ तांबड्या रंगाने दाखविणे, वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावणे, हेही त्याच मासल्याचे.

हा दयेचा प्रश्न नव्हे. कलम ४६ प्रमाणे सरकारी व खाजगी, दोन्ही सेवादात्यांना नियम झाल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये झाले. मुदत २०१९ मध्येच सरली. तथापि नियम १५(१) निव्वळ शिफारशीवजा असल्याने तो अधिनियमाशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरविले व बंधनकारक नियम करण्यास फर्माविले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. अधिनियमाच्या उल्लंघनास पहिल्या वेळी दंड आहे दहा हजार रुपयांपर्यंत. मोठ्या बँकेस हा चहापाण्याचा खर्च!

तरी आपल्या घरातील कोणी अर्ज भरताना अडला, तर शेजाऱ्याकडून भरून घेऊन गप्प बसू नका. कोणत्या दिवशी, कोणत्या पानावर, काय वाचता आले नाही, हे लिहून पडद्याचे चित्र व दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडा, आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पाठवा. कलम ८० अन्वये चौकशीचा अधिकार त्यांस आहे. पोच मात्र जपून ठेवा.