पडद्यावरची काळी माती
मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, 1952 पासूनची मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरीही बंद झाली आणि प्रदर्शनं मोबाइलवर आली. परळीजवळच्या सिरसाळ्यात बसून चित्रं काढणाऱ्या माझ्यासारख्याला तो मोठा आधार वाटला. एरवी जहांगीरची तारीख मिळायला वर्षं जातात, कॅनव्हास मुंबईला नेण्याचा खर्च वेगळाच. पण आमच्या रानाची काळी माती मी तपकिरी, निळा, जांभळा असे थर चढवून रंगवतो, आणि कॅमेरा त्या सगळ्याचा सपाट काळा करून टाकतो. उत्तरेच्या खिडकीपाशी करडं कार्ड ठेवून फोटो काढले, तेव्हा कुठे जांभळा दिसला. तरी चार फुटी चित्र शेवटी तळहाताएवढंच. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा कॅनव्हास प्रत्यक्ष पाहिलेल्याला ही तूट लगेच कळेल; तिथे थरांतून झिरपणारा उजेड दिसायला मागेपुढे सरकावं लागतं, थांबावं लागतं. असं असूनही मी पुन्हा ऑनलाइन चित्रं मांडणार. कारण दिवाळीच्या सुमारास इथली कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कोयत्यावरच्या माणसांची माझी चित्रं त्यांनी तिकडे झोपडीवजा कोपीत बसून पाहिली. मोळी उसाच्या वाढ्यानेच बांधलेली आहे, हे एका मावशींनी बरोबर हेरलं आणि फोनवर विचारलं, “खरं चितर केवढं हाय? जवळून बघाय मिळंल का?” मिळायलाच हवं. ऑनलाइन प्रदर्शन भरवणाऱ्यांनी हंगाम संपल्यावर मूळ चित्रं परळी, माजलगाव, धारूरलाही आणावीत.