पाषाणाचा प्रवास

कधीही न बदलणाऱ्या गोष्टीला 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणण्याची मराठी भाषेची रीत आहे. परंतु भूगोल असे सांगतो, की दगडही झिजतो, फुटतो, वाहत जातो आणि कालांतराने पुन्हा दगड होतो. या अखंड रूपांतरालाच खडकांचे चक्र असे म्हणतात.

हे चक्र बहुधा एका आकृतीवरून शिकविले जाते. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित अशा तीन चौकटी काढून त्या बाणांनी जोडलेल्या असतात. आकृती खोटी नसते. परंतु केवळ तिच्यावर भिस्त ठेवली, तर विद्यार्थ्याला तीन नावे तेवढी पाठ होतात. शाळेच्या पायरीचा दगड यांपैकी कोणता, असे विचारताच तो गप्प होतो. म्हणून खडकांचे चक्र आधी हातांनी व डोळ्यांनी शिकावे आणि मग आकृतीने, हेच उचित होय.

खारेपाटणच्या मुलांना तर यासाठी दूर जावयास नको. पाऊस ओसरल्यावर शिक्षकांसमवेत नदीकाठी गेले, की तेथील काळे गोटे हा पहिला धडा होय. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त शिलारस भूपृष्ठावर पसरून थिजला आणि त्यातून सह्याद्रीचा काळा पाषाण घडला. त्याचेच तुकडे नदीने खाली आणले व वाटेत एकमेकांवर घासून गुळगुळीत केले. गोट्यांची पुढे वाळू होते, वाळूचा गाळ होतो आणि तो विजयदुर्गच्या खाडीकडे जातो. ज्या खाडीतून एके काळी खारेपाटणपर्यंत गलबते येत, तिच्या तळाशी आज सह्याद्रीचाच चुरा साचत आहे.

दुसरा धडा सड्यावर आहे. तेथील तांबडा, सच्छिद्र जांभा म्हणजे उष्ण व पावसाळी हवेत जागच्या जागी कुजलेला खडक. पाण्याने त्यातील इतर द्रव्ये वाहून नेली. लोह आणि अॅल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. मग जांभ्याची चौकट आकृतीत कोठे? ज्या मुलाच्या मनात हा प्रश्न उभा राहील, त्याने तीन नावे पाठ करणाऱ्यापेक्षा अधिक शिकले, असे मानावे.

तिसरा धडा कासार्ड्याच्या परिसरात मिळतो. काच बनविण्यास उपयोगी पडणारी तेथील शुभ्र वाळू ज्या खडकातून काढतात, तो मुळात वाळू साचून घट्ट झालेला आणि सह्याद्रीच्या पाषाणाहूनही फार जुना आहे. म्हणजे सह्याद्री घडण्यापूर्वीही कोणते तरी डोंगर झिजले होते, आणि त्यांच्या वाळूचा पुन्हा खडक झाला होता.

भूगर्भातील दाब आणि उष्णता डोळ्यांना दिसत नाहीत. तेथे आकृतीवाचून गत्यंतर नाही, हे खरे. परंतु या शास्त्राचा आरंभही प्रत्यक्ष पाहण्यातूनच झाला. स्कॉटलंडच्या जेम्स हटनने काही वर्षे शेती केली होती. पावसाबरोबर शेतातील माती वाहून जाताना तो पाही. माती अशीच जात राहिली, तर नवी भूमी कोठून येते, या विचारातून 1785 साली त्याने आपला सिद्धान्त विद्वानांपुढे मांडला.

आकृतीत न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे काळ. शिलाहार राजा रट्टराज याचा इ. स. 1008 मधील ताम्रपट खारेपाटण येथे मिळाला. त्याला एक हजार वर्षे होऊन गेली. ही हजार वर्षे म्हणजे अर्ध्या मीटरचे एक पाऊल असे मानले, तर काळ्या पाषाणाच्या जन्मापर्यंत पोहोचण्यास 66 हजार पावले टाकावी लागतील; म्हणजे तेहतीस किलोमीटर चालावे लागेल!

हे अंतर मनात ठसणे अगत्याचे आहे. नाही तर 'चक्र' या शब्दाने मोठा भ्रम होतो. चक्र फिरतेच आहे, तेव्हा नेलेले सारे परत येईल, असे वाटू लागते. चक्र फिरते, हे खरे. पण ते माणसाच्या पंचांगाप्रमाणे फिरत नाही. जांभ्याचा चिरा खाणीतून दिवसभरात निघतो. तो घडण्यास लागलेला काळ मोजण्यास माणसाच्या शेकडो पिढ्याही पुरणार नाहीत. उघड्या डोंगरावरची माती एका पावसात खाडीत जाते. पुन्हा तेवढी माती तयार होण्यास शतके लागतात. चिऱ्यांवाचून कोकणातले घर उभे राहत नाही आणि त्या खाणींवर अनेकांचे पोट आहे. म्हणून दगड काढूच नये, असे कोणी म्हणणार नाही. मात्र किती काढावा, कोठून काढावा आणि माती कशी राखावी, हे ठरविणाऱ्याला या काळाचे भान असलेच पाहिजे.

आजची मुलेच उद्या असे निर्णय घेणार आहेत. त्यांनी नदीतला एक गोटा हाती घेऊन 'हा कोठून आला आणि कोठे जाणार?' एवढे विचारावे. ज्याला हा प्रश्न पडला, त्याला आकृतीतील बाणांचा अर्थ खऱ्या अर्थाने कळू लागेल.