ब्रेक कोणाच्या हातात?

मैत्रिणींनो, गाडीची चावी आपल्या पर्समध्ये आली, याचं कौतुक आपण भरपूर केलं. करायलाच हवं. पण आज एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या इलेक्ट्रिक स्कूटरचे ब्रेक पॅड शेवटचे कधी बदलले? बहुतेकींचं उत्तर ठरलेलं, ‘ते सगळं हेच बघतात.’ आणि ‘हे’ म्हणतात, ‘इलेक्ट्रिक गाडीला काय बघायचं असतं?’

माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. पेट्रोलची स्कूटर होती, तेव्हा ऑइल बदलायला का होईना, गाडी दर काही महिन्यांनी गॅरेजला जायची. मेकॅनिक जाता जाता ब्रेकही बघायचा. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, पीयूसी नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, २५० वॅटपर्यंतच्या मोटारीच्या गाड्यांना तर पासिंग आणि लायसनही लागत नाही. म्हणजे गाडीकडे बघणारं कुणी उरलंच नाही. रात्री चार्जिंगला लावली की जबाबदारी संपली!

आम्हा बीडकडच्या बायकांना तर हे जास्तच लागू. पावसाळ्यात धबधबा बघायला नाहीतर कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेला आपण कपिलधारला जातो. कपिलधार दरीत आहे. मांजरसुंब्याकडून आलं की पुढे उतारच उतार. मागे सासूबाई, पुढे लेकरू, हँडलला नारळाची पिशवी. अशा वेळी सगळा भार त्या दोन बोटं रुंद पॅडवर असतो.

बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत हात सोडला की मोटारच वेग कमी करते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. त्यामुळे पॅड सावकाश झिजतात, हे खरं. पण म्हणूनच ते लक्षातूनही जातात. शिवाय बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते आणि मोटारीची ही मदत कमी होते. रात्रभर चार्जिंग करून सकाळी थेट उताराला लागलात, तर गाडी थांबवायची ती ब्रेकनेच.

मागे मी पॅड बदलायला एका गॅरेजवर गेले. तिथला माणूस म्हणाला, ‘ताई, भाऊजींना पाठवा, तुम्हाला नाही कळायचं.’ मी म्हटलं, ‘गाडी मी चालवते, ब्रेक मी दाबते. जुना पॅड मलाच दाखवा.’ त्याने काढून नव्याशेजारी ठेवला. कळायला मिनिटसुद्धा लागलं नाही!

तुम्हीही बघू शकता. डिस्क ब्रेक असेल तर टॉर्च मारून चकतीच्या दोन्ही बाजू बघा. लोखंडी पत्र्यावर चिकटवलेला जो थर दिसतो, तोच खरा ब्रेक. तो एक रुपयाच्या नाण्याइतका, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर उरला, तर पॅड बदलायची वेळ झाली. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते, ती धरा. दाबताना खर्रर्र आवाज आला, तर पत्रा चकतीला घासतोय असं समजा. काहीशे रुपयांच्या पॅडसाठी मग महागाची चकती बदलावी लागते. ड्रम ब्रेक असेल आणि नट आवळूनही लिव्हर सैलच राहत असेल, तर आतले ब्रेक शू तपासून घ्या.

पॅड नेहमी जोडीने बदलायचे. चकतीवर तेलाचा थेंबही पडू द्यायचा नाही. काम झालं की गाडी उभी असतानाच लिव्हर घट्ट होईपर्यंत चार-सहा वेळा दाबायचा, नाहीतर पहिलाच ब्रेक रिकामा जातो. आणि नवे पॅड बसेपर्यंत थोडे दिवस सावकाश चालवायची. पॅड घातल्या घातल्या घाटात नको.

कुणी म्हणेल, घरचं, दारचं, मुलांचं आणि आता हेही आपणच करायचं? नाही. पाना तुम्ही हातात घ्या, असं मी म्हणत नाही. ते मेकॅनिकचंच काम. पण गॅसची नळी जुनी झाली की ती बदलायला आपण कुणाची वाट बघतो का? आपण रोज त्या शेगडीपाशी उभ्या असतो, म्हणून आपल्यालाच कळतं. मग जिच्यावर लेकराला बसवून रोज शाळेत सोडतो, त्या गाडीचं आपल्याला नको कळायला?

तेव्हा या रविवारी दहा मिनिटं काढा. टॉर्च घ्या, पॅड बघा, आणि मुलगी मोठी असेल तर तिलाही शेजारी बसवून दाखवा. उद्या तीही गाडी चालवणारच आहे.