सेटिंगचा वेळ कोणाच्या खात्यावर?

यंत्र चालू असेल तो वेळ उत्पादक आणि बंद असेल तो अनुत्पादक, अशी सोपी वाटणी कारखान्यांच्या हिशेबात केली जाते. अचूक ग्राइंडिंगच्या कामात ही वाटणी कशी खोटी ठरते, हे कामगार कार्यकर्त्यांनी मुळापासून समजून घेतले पाहिजे.

जॉब धरून ठेवणारे फिक्श्चर यंत्रावर बसवणे म्हणजे चार बोल्ट आवळणे नव्हे. प्रथम टेबल आणि फिक्श्चरचा तळ पुसून, ऑइलस्टोन फिरवून बारीक उंचवटे काढावे लागतात. मध्ये अडकलेला एखादा कणही फिक्श्चर कलते करण्यास पुरतो. मग डायल लावून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचे आणि काटा स्थिर राहीपर्यंत फिक्श्चर हलक्या हाताने ठोकत सरळ करायचे. बोल्ट आवळताना ते किंचित सरकू वा वाकू शकते. म्हणून आवळल्यावर पुन्हा डायल. उष्णतेचे भानही ठेवावे लागते. २०० मिलिमीटर लांबीचे पोलाद ५ अंश सेल्सिअसने तापले तरी सुमारे ११ मायक्रॉनने वाढते. ५ मायक्रॉनची मर्यादा असलेला जॉब गरम असतानाच मोजून मापात आणला, तर थंड झाल्यावर तो बाद ठरतो.

या साऱ्या वेळात एकही नग बाहेर पडत नाही. साहजिकच, जेथे भत्ता केवळ नगांवर मोजला जातो तेथे कामगाराच्या जाणतेपणाची किंमत शून्य धरली जाते. त्याने घाई केली आणि नग बाद झाले, तर दोष मात्र त्याच्या माथी! शिवाय सैल धरलेला जॉब व्हीलच्या झपाट्याने उडाला, तर प्रश्न भत्त्याचा उरत नाही, जिवाचा होतो.

सेटिंगचा वेळ कमी झाला पाहिजे, असे व्यवस्थापन म्हणेल. या म्हणण्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कसा कमी करायचा हा. या बाबतीत सर्वत्र दाखला दिला जातो तो जपानमधील टोयोटा कारखान्याचा. तेथे १९६९ साली शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली १,००० टनी प्रेसच्या सेटिंगचा वेळ ४ तासांवरून दीड तासावर आणि पुढे ३ मिनिटांवर आला. यंत्र वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे. यंत्र थांबवून करायची कामे शक्य तेवढी आधीच, यंत्र चालू असताना उरकली गेली आणि जोडणीची साधने सुधारली गेली. नुसत्या तगाद्याने हे साधले नसते. आपल्याकडे या दाखल्यातील मिनिटे तेवढी उचलायची आणि साधनांवरील खर्च टाळायचा, हे चालू देता कामा नये.

म्हणून वेतनकरारात सेटिंगचा वेळ स्वतंत्रपणे नोंदवला जावा व त्याचा मोबदला मिळावा. पहिला नग तपासून मान्य झाल्यावरच नगांची मोजणी सुरू व्हावी. चांगला डायल, स्लिप गेज आणि तयार जोडपट्ट्या पुरवणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी ठरावी. यंत्रावर कायम कामगार असो वा कंत्राटी, नियम एकच हवा. पुढच्या करारासाठी मागणीपत्रक लिहायला बसण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी ग्राइंडिंग विभागात एक पूर्ण पाळी उभे राहून हे काम पाहावे आणि सेटिंगला खरोखर किती वेळ लागतो याची नोंद स्वतः घ्यावी.