निकाल लवकर, पण कोणाचें ऐकून?

दिवाणी दाव्यांचे निकाल लवकर लागले पाहिजेत, अशी ओरड हल्लीं जो तो करितो. ओरड खरी आहे. आजानें लावलेल्या वाटणीच्या दाव्यांत नातू तारखा करीत आहे, असें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पण नुसत्या 'लवकर' या शब्दाला आमच्या शेतकरी बंधूंनीं भुलूं नये. एके काळीं हींच कोर्टें फार लवकर निकाल देत असत, आणि त्या लवकरपणांतच आमच्या कित्येकांचीं घरें बुडालीं.

1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, ते कशासाठीं? मुख्यतः कर्जरोखे हिसकून जाळण्यासाठीं. त्या रोख्यांच्या पाठीशीं कोर्ट उभें होतें. 1859 च्या कायद्यानें साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. हेतु चांगला, पण सावकार मुदत भरत आली कीं व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहून घेऊं लागला. मग दावा. समन्स कुळाला कळे न कळे. कळलें तरी कोर्ट लांब, हातांत पैसा नाहीं, रानांत पेरणी. कूळ हजर होत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. असे निकाल दिवसांतून कितीही लावतां येतात! कागद चोख, आंकडे चोख, आणि जमीन सावकाराच्या नांवावर.

मग 1879 सालीं डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला आणि पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू केला गेला. त्यानें न्यायाधीशांस सांगितलें कीं, प्रतिवादीलाही बोलावून त्याची जबानी घ्या. रोख्यावरील आंकड्यावर न थांबतां व्यवहार मुळापासून तपासा. मुद्दल निराळें, व्याज निराळें मांडा. हप्ते बांधून द्या. गांवमुनसफ आणि तडजोड करविणारे नेमण्याचीही सोय केली. या कायद्यानें सावकारी मेली असें कोणी म्हणूं नये. पण दोघांचें समोरासमोर ऐकून घेणें हें काम वाढविणें नव्हे, एवढें तरी सरकारला त्या वेळीं कळलें होतें.

आज काय आहे? प्रतिवादीनें 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत कैफियत द्यावी, आणि सुनावणीच्या वेळीं एका पक्षाला तीनांहून अधिक तहकुब्या मिळूं नयेत, असें दिवाणी संहितेंत लिहिलेलें आहे. 2005 सालीं सर्वोच्च न्यायालयानें या मर्यादा अपवादाच्या प्रसंगीं सैल करतां येतील असें ठरविलें. कुलूप आहे, पण किल्ली दाराशींच टांगलेली! आणि ती किल्ली फिरविणारे सगळे वकीलच असतात असें नाहीं. भाऊबंदाला दमविण्यासाठीं तारीख मागा, असें वकिलाला सांगणारे आमचेच लोक आहेत.

शेताची वाट किंवा पाण्याचा पाट अडविला, तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं तहसीलदाराकडे जातां येतें; मात्र अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. पुष्कळ लोक 'बघूं, बघूं' करीत ही मुदत घालवितात.

राहिली लोकअदालत. तेथें तडजोड झाली कीं तो हुकूमनामाच होतो, कोर्ट फी परत मिळते, वर अपील नाहीं. तडजोड न झाली तर दावा कोर्टांत परत जातो. कोणावर जुलूम करतां येत नाहीं. व्यवस्था उत्तम आहे. पण अपील नाहीं, म्हणूनच सही करणाऱ्यानें दहादां वाचावें.

गेल्या पंधरवड्यांत गांवची एक लेक कागद घेऊन शाळेंत आली. "गुरुजी, भाऊ म्हणतो लोकअदालतींत एका दिवसांत मिटतंय, तूं नुसती सही कर. काय लिवलंय ते तेवढं वाचा." वाचलें. वडिलोपार्जित जमिनींतील आपला हिस्सा सोडला, असें त्यांत लिहिलें होतें. 2005 च्या दुरुस्तीनें मुलीला तेथें मुलाइतकाच हक्क आहे, हें तिला कोणी सांगितलें नव्हतें. स्त्रियांस उत्पन्न न पाहतां सरकारी खर्चानें वकील मिळतो, हेंही नाहीं. आम्हीं तिला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पाठविलें. भाऊ आमच्यावर रागावला आहे. मास्तरानें दावा लांबविला, असें तो चावडीवर सांगत फिरतो.

तिनें अजून सही केलेली नाहीं.